बोळा, बोंडलं आणि काळी नळी

रजा संपायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा मी माळ्यावरून ती पिशवी खाली काढली. जाड प्लास्टिकची, झिपची, आतली हवा दाबून काढून घट्ट बंद केलेली. आत दूध काढायचा पंप, त्याचे दोन कप, सिलिकॉनच्या इवल्याशा झडपा, बाटल्या, तीन निपल आणि एक पारदर्शक नळी. चार महिन्यांपूर्वी मीच हे सगळं गरम पाण्यानं धुऊन ठेवलं होतं. जंतू लागू नयेत म्हणून झिप दोनदा तपासली होती.

नळी खिडकीकडे धरली तर आत मध्यावर काळे ठिपके दिसले, मोहरीहून बारीक. एका झडपेच्या बेचक्यात पिवळट थर साचला होता. बाटलीचं झाकण फिरवलं तर आंबूस वास आला आणि मी ती पटकन परत बंद केली, जणू कुणी बघत होतं.

बघत होतीच. आजी उंबऱ्याशी बसून हळकुंडं निवडत होती. तिची नजर आता अधू आहे, पण असल्या गोष्टी तिला नेमक्या दिसतात.

"वल्ली ठेवलीस व्हय गं?"

मी नाही म्हणाले. मग हो म्हणाले.

आमचं गाव शिरड शहापूर. औंढा नागनाथ आणि वसमतच्या मधलं. बाहेरची माणसं इथे येतात ती मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरासाठी, आणि आम्ही बाहेर जातो ते शाळा, दवाखाना, नोकरीसाठी. मी वसमतला बँकेत आहे. माझी लेक चौतिसाव्या आठवड्यात नांदेडला जन्मली आणि पहिले एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. तिला ओढून प्यायची ताकद नव्हती. दर तीन तासांनी मी पंप लावायचे, वीस-तीस मिली दूध निघायचं आणि ते सिस्टरच्या हाती द्यायचे. घरी आल्यावर महिनाभरात लेक अंगावर प्यायला शिकली आणि पंप माळ्यावर गेला. बाळंतपणाची रजा २०१७ च्या दुरुस्तीनं १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, म्हणून तो चार महिने वर राहू शकला. नाहीतर कधीच खाली आला असता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एकोणीस दिवसांतही मी ही नळी अशीच ओली गुंडाळत होते का, हा एकच प्रश्न डोक्यात होता. लेक मांडीवर, मोबाईल हातात, अशा अवस्थेत मी वाचायला लागले. आधी नळी कशी साफ करायची ते शोधत होते. पहाटेपर्यंत दीडशे वर्षं मागे पोचले होते.

*

दुसऱ्या दिवशी आजीनं तिची पत्र्याची पेटी उघडायला लावली. तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं चांदीचं बोंडलं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: तळहातात मावेल अशी उथळ वाटी, एका बाजूला निमुळती होत गेलेली आणि टोकाला चोच. चोच बाळाच्या ओठांच्या कोपऱ्याशी टेकवायची आणि थेंब-थेंब दूध आत सोडायचं. तामिळनाडूत अशाच भांड्याला पालाडै म्हणतात आणि तिकडच्या नवजात शिशू विभागांतही ते वापरलं जातं. त्याला झाकण नाही, नळी नाही, जोड नाही, कोपरा नाही. बोट फिरवलं की सगळीकडे पोचतं.

या बोंडल्यानं माझे बाबा, दोन आत्या, मी आणि माझा भाऊ, सगळ्यांनी कधी ना कधी दूध, गुटी, औषध घेतलं. पण दोन बाळंतपणांच्या मध्ये ते वर्षानुवर्षं पेटीत पडून असायचं. क्वचित लागणारी वस्तू कशी ठेवायची याचं आजीकडे स्वतःचं शास्त्र होतं. ठेवताना राखेनं घासायचं, उकळतं पाणी ओतायचं, उन्हात पालथं घालायचं, मग हाताला गरम लागेपर्यंत उताणं. कोरडं फडकं गुंडाळायचं. डब्यात कोंडायचं नाही. काढताना परत तेच, फक्त चांदी काळी पडलेली असायची म्हणून राखेऐवजी चिंच.

"ठिवताना धुतलं तरी काढताना का धुवायचं?" मी विचारलं.

"मधी काय झालं ते कुणाला ठावं?"

बोंडल्याच्याही आधी बोळा होता. ‘मी काय बोळ्यानं दूध पीत नाही’ असं आपण कुणाला तरी ठणकावतो, तो हाच. मऊ सुती कपड्याची वात दुधात बुडवून बाळाच्या तोंडात द्यायची. वाक्प्रचारात तो भाबडेपणाचं चिन्ह झाला, पण वस्तू म्हणून बोळा फारसा भाबडा नव्हता. आजीच्या घरी वापरलेला बोळा चुलीत जायचा. धुवायचा आणि ठेवायचा प्रश्नच नाही.

आईचं दूध नसेल तर बाळाला काय आणि कशातून द्यायचं, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात कांस्य आणि लोहयुगातल्या लहान मुलांच्या थडग्यांत चोचीची छोटी मातीची भांडी सापडली. २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात त्यांच्या मातीत मुरलेल्या स्निग्धांशाची तपासणी झाली आणि तो जनावरांच्या दुधाचा निघाला. त्यातली काही भांडी प्राण्यांच्या आकाराची आहेत, पाय असलेली, बाळाला हसू यावं अशी. ती मुलांबरोबर पुरली गेली होती, हे लक्षात घेतलं की ते हसू जरा अडकतं. मातीचं भांडं सच्छिद्र असतं. हजारो वर्षांनी ज्या भिंतीतून शास्त्रज्ञ दुधाचा अंश काढू शकतात, ती भिंत तेव्हा किती स्वच्छ होत असेल?

राजघराण्यांकडे वेगळा उपाय होता. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ सालचा, पुरंदरावरचा. सईबाईंची प्रकृती ढासळलेली. तेव्हा कापूरहोळची धाराऊ त्यांची दूधआई झाली, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. त्यात भांडंच नव्हतं. मात्र धाराऊच्या मांडीवरून तिच्या स्वतःच्या लेकराच्या वाट्याचं किती गेलं, हे आपण फारसं विचारत नाही.

*

बाटलीची गोष्ट खरी सुरू होते ती रबरापासून. १८४५ साली न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅटनं रबरी निपलचं पेटंट घेतलं. त्याआधी बाटलीच्या तोंडाला चामडं, स्पंज, कापड, नाहीतर गायीचं वाळवलेलं आचळ बांधत. (हो, आचळ. वाचून मीही मोबाईल पालथा ठेवला होता.) सुरुवातीच्या रबराला वास यायचा, पण ते सुधारत गेलं आणि त्याबरोबर एक नवीनच आकार इंग्लंडभर पसरला. चपटी काचेची बाटली, तिच्या बुचातून आत गेलेली काचेची कांडी, बाहेर लांबलचक रबरी नळी आणि नळीच्या टोकाला निपल. बाळ पाळण्यात, बाटली शेजारी, नळी तोंडात. आईचे दोन्ही हात मोकळे.

आईचे हात मोकळे होणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. पहाटे चारला एका हातानं पंपाचा कप आणि दुसऱ्या हातानं डोळे चोळणाऱ्या बाईला ते समजावून सांगावं लागत नाही. त्या बाटल्यांची नावंही गोड होती. एक ‘अलेक्झांड्रा’, तेव्हाच्या युवराज्ञीच्या नावाची. एक ‘लिटल चेरब’, म्हणजे छोटा देवदूत.

नळी मात्र धुता येत नव्हती. दूध त्या रबराच्या आतल्या भिंतीला चिकटे, आंबे, आणि पुढच्या पाजण्याचं कोमट दूध त्याच थरावरून बाळाच्या पोटात जाई. त्यात मिसेस बीटनचं घरव्यवस्थेवरचं पुस्तक आलं, १८६१ साली, पुढे घराघरात पोचलेलं. त्यात सल्ला होता की एकदा बांधलेलं निपल नवीन बसवेपर्यंत काढूच नये, आणि नवीन तरी पंधरवड्यातून एकदा पुरे. आज हे वाचून आपण कपाळावर हात मारतो. पण जंतूंमुळे रोग होतो हा पाश्चरचा विचार तेव्हा नुकता आकार घेत होता. बीटनबाई स्वतः २८ व्या वर्षी, बाळंतपणानंतरच्या तापानं गेल्या. जी गोष्ट कुणालाच दिसत नव्हती ती त्यांनाही दिसली नाही.

डॉक्टरांना हळूहळू दिसायला लागली. उन्हाळ्यात, जुलाब होऊन, बाटलीवरची मुलं अंगावरच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त दगावत होती. लांब नळीच्या या बाटल्यांना लोक ‘खुनी बाटल्या’ म्हणू लागले. तरी त्या दशकानुदशकं विकल्या गेल्या, कारण स्वस्त होत्या आणि सोयीच्या होत्या. फ्रान्सनं १९१० साली कायदा करून नळीच्या बाटलीची विक्री बंद केली. तोवर इंग्लंडमध्ये अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीची होडीच्या आकाराची बाटली आलेली होती, दोन्ही टोकांना उघडी. एका टोकाला निपल, दुसऱ्याला रबरी झडप. दोन्ही काढली की नळाखाली धरायची, पाणी आरपार जातं.

तिचं चित्र मी आजीला मोबाईलवर दाखवलं. आजी म्हणाली, "हे तर बोंडलंच की. वरून मिटवलेलं."

*

आजीनं आयुष्यात एकच बाटली वापरली. १९६३ चा उन्हाळा. तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली. आजीला विषमज्वर झाला, दूध आटलं. पहिला मुलगा चार महिन्यांचा. आमच्या घरात त्याला ‘मोठे काका’ म्हणतात, मोठा तो कधी झालाच नाही तरी. आधी बोंडल्यानं गायीचं दूध सुरू केलं. मग पूर्णा जंक्शनला रेल्वेत असलेल्या एका नातलगानं तिथल्या क्वार्टरमधली चाल बघून एक काचेची बाटली आणून दिली, रबरी बोंडीसकट. गावात कुणाकडे नव्हती. बायका बघायला येत. बाटलीनं लेकरू भराभर प्यायचं, बोंडल्यासारखं सांडायचं नाही. आजोबांना कोण कौतुक.

आजीनं तिच्याकडे असलेलं सगळं शास्त्र त्या बाटलीवर वापरलं. राखेनं घासली, पण बाहेरूनच, कारण गळ्यातून बोट आत जात नव्हतं. मग वाळू आणि पाणी घालून खळखळवली, तेलाच्या बाटल्या धुतात तशी. बोंडी उन्हात ठेवली, कारण उन्हात ठेवलेलं शुद्ध होतं. चांदीचं होतं, पितळेचं होतं. रबर उन्हानं चिकट होतं, मग त्याला बारीक भेगा पडतात आणि प्रत्येक भेगेत दुधाचा अंश बसतो. बोंडी सुकून चिरायला लागलेली पाहून तिनं उपाय बदलला. बाटली-बोंडी ओल्या फडक्यात गुंडाळून देवळीत ठेवली, गार राहावी म्हणून.

तिची एकही गोष्ट निष्काळजीपणाची नव्हती, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. भांडं बदललं होतं. ते धुवायचं ज्ञान भांड्याबरोबर आलं नव्हतं. बाटली साफ करायचा लांब दांड्याचा ब्रश पूर्णेच्या क्वार्टरमध्ये असेल, शिरड शहापूरला तो पोचला नाही. बोंडी इतक्या दिवसांनी टाकून द्यायची असते हेही कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर दुसरी आणायची कुठून?

शेजारी एक जैन कुटुंब राहायचं. तिथल्या काकू पाणी दुहेरी फडक्यानं गाळल्याशिवाय वापरत नसत, आणि गावात मुनी आले की त्यांच्यासाठी पाणी उकळायच्या. त्यांनी आजीला सांगितलं होतं, बाटली उकळत्या पाण्यात घाल. आजीनं घातली. काच थंड होती, पाणी उकळतं. बाटलीला तडा गेला. नवऱ्याच्या नातलगानं आणलेली महागाची वस्तू. गळ्याखाली केसाएवढीच रेघ होती, बाटली गळत नव्हती. तिनं कुणाला सांगितलं नाही आणि पुन्हा उकळली नाही. गार पाण्यापासून हळूहळू तापवायची असते, हे तिला माझ्याकडून कळलं. साठ वर्षांनी.

वैशाखात मोठ्या काकांना हगवण लागली. अकराव्या दिवशी ते गेले. त्या महिन्यात विहीर तळाला गेली होती, पाणी गढूळ होतं, गावात आणखीही लेकरं आजारी होती. बाटलीनंच झालं असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण माझ्या पणजीनं सांगितलं, आजीला, पाच बायकांसमोर: तुला नीट धुता आली न्हाई.

ती बाटली आजोबांनी नदीला सोडली. बोंडलं परत पेटीतून निघालं. पुढची तिन्ही लेकरं त्यावर.

*

पणजीचं ते वाक्य मला नंतर जगभर भेटलं, फक्त जास्त सभ्य शब्दांत. गरीब देशांत पावडरचं दूध आणि बाटल्या विकणाऱ्या कंपन्यांवर १९७० च्या दशकात टीका सुरू झाली. १९७४ साली लंडनच्या ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेनं माइक मुलर यांची ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. कंपन्यांच्या बाजूनं त्यावर येणारं एक उत्तर साधारण असं असे की दूध चांगलंच आहे, आया ते नीट बनवत नाहीत, बाटल्या नीट धुवत नाहीत. म्हणजे बाटली जिथे विकायची तिथे स्वच्छ पाणी नाही, सरपण महाग, फ्रिज नाही, सूचना वाचता येत नाहीत, हे माहीत असताना विकायची आणि मग धुण्याचा दोष आईच्या नावावर मांडायचा.

मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीची आचारसंहिता मंजूर झाली. बाजूनं ११८ मतं, विरोधात एक, अमेरिकेचं. भारतानं त्यावर कायदा केला तो १९९२ साली, अमलात आला १ ऑगस्ट १९९३ पासून. या कायद्यानं पावडर आणि दूध पाजायची बाटली, दोन्हींच्या जाहिरातीला बंदी घातली. पावडरच्या डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा चालत नाही. तुम्ही टीव्हीवर डायपरची, साबणाची, तेलाची जाहिरात पाहिली असेल. बाटलीची नाही, त्याचं कारण हे. कायदा चांगलाच आहे. फक्त त्याची एक बाजू माझ्यासारखीला जाणवते. बाटलीबद्दल कुणी उघडपणे बोलत नाही, त्यामुळे ती ठेवायची कशी हेही कुणी सांगत नाही. दवाखान्यात मला अंगावर पाजण्याबद्दल खूप सांगितलं गेलं, पंप कसा लावायचा तेही. घरी गेल्यावर तो सुकवायचा कसा, यावर एक वाक्य नाही.

याच काळात मुंबईत वेगळी गोष्ट घडत होती. सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं जंतुसंसर्गानं दगावत होती. तिथल्या नवजात शिशू विभागाच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि वरचं दूध बाजूला सारून आईच्या दुधावर भर दिला. ज्या आयांना दूध कमी पडे त्यांच्या बाळांसाठी दुसऱ्या आयांचं जास्तीचं दूध जमवायला सुरुवात केली. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तिथे दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, त्याची जंतुतपासणी करतात, आणि मग ते गोठवून ठेवतात. धाराऊचंच काम, पण तिला आपल्या लेकरापासून तोडल्याशिवाय.

*

आता पंप. दूध ओढून काढायची यंत्रंही जुनी आहेत. अमेरिकेत ऑर्वेल नीडहॅमनं १८५४ साली एकाचं पेटंट घेतलं होतं. पुढे १९२० च्या दशकात एडवर्ड लास्कर नावाच्या इंजिनिअरनं विजेवर चालणारा पंप बनवला. हा बुद्धिबळातला नावाजलेला खेळाडू. विश्वविजेता इमॅन्युएल लास्कर तो वेगळा. १९५६ साली स्वीडनच्या आयनार एग्नेलनं बाईला कमी दुखेल असा पंप तयार केला, पण तो दवाखान्यात ठेवायचा, जड. पर्समध्ये मावणारे पंप ही गेल्या तीसेक वर्षांतली गोष्ट.

आणि या पंपाबरोबर नळी परत आली. फरक इतकाच की आता तिच्यातून दूध जात नाही, हवा जाते. पण दमट हवा. कपातून दुधाची वाफ, कधी चुकून दुधाचा थेंब, आणि नळी गुंडाळून पिशवीत. एकशेदहा वर्षांपूर्वी फ्रान्सनं बंद केलेली वस्तू नव्हे, तिची दूरची पुतणी म्हणा.

त्या रात्री मला सगळ्यात जास्त हादरवलं ते पेनसिल्व्हेनियाच्या एका बाळानं. २०१६ साली २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या एका मुलीला तिसऱ्या आठवड्यात क्रोनोबॅक्टर या जिवाणूचा संसर्ग झाला, मेंदूपर्यंत गेला आणि तिला कायमचं अपंगत्व आलं. तिला आईचंच दूध दिलं जात होतं, पंपानं काढलेलं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं शोध घेतला तेव्हा तोच जिवाणू घरच्या पंपावर आणि बेसिनच्या मोरीत सापडला. आई पंपाचे भाग टबात साबणाच्या पाण्यात काही तास भिजत ठेवायची, मग न घासता खळबळून, वाळवून, झिपच्या प्लास्टिक पिशवीत पुढच्या वेळेपर्यंत ठेवायची.

झिपची पिशवी. मी ते वाक्य चार वेळा वाचलं.

ती बाईसुद्धा अस्वच्छ नव्हती. भिजत घालणं म्हणजे स्वच्छ करणं, पिशवीत घालणं म्हणजे जपणं, असंच तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं होतं. सीडीसीनं त्यानंतर पंप आणि बाटल्या धुण्याबद्दल सविस्तर सूचना काढल्या. त्या वाचताना मला एकसारखी आजी आठवत होती. भाग सगळे सुटे करा. बेसिनमध्ये नको, फक्त त्यासाठीच ठेवलेल्या टबात, त्यासाठीच ठेवलेल्या ब्रशनं, साबण आणि गरम पाण्यानं घासा. लगेच धुवा, भिजत ठेवू नका. दोन महिन्यांच्या आतलं, कमी दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल तर रोज एकदा ५ मिनिटं उकळा. भांडी पुसायच्या फडक्यानं पुसू नका. कोऱ्या कपड्यावर वाऱ्यानं सुकू द्या, पूर्ण. पूर्ण सुकल्यावरच, स्वच्छ जागी, झाकून ठेवा. नळी धुवायची वेळ सहसा येत नाही, पण आत काळं दिसलं तर धुवत बसू नका, टाका.

मी टाकली. नव्वद रुपयांची नवी नळी नांदेडहून मागवली. झडपाही बदलल्या, कारण त्यांच्या फटी दिसतात त्याहून खोल असतात. तीनपैकी एक निपल ओढून पाहिल्यावर पांढरं पडलं आणि परत आकाराला आलं नाही, तेही टाकलं. दोन बाटल्यांपैकी एक माझ्या आतेबहिणीची होती, २००९ सालची, काचेसारखी कडक आणि लख्ख. जपून ठेवलेली, अगदी नवी दिसणारी. पण तेव्हा अशा बाटल्या पॉलिकार्बोनेटच्याही असत, बिस्फेनॉल-ए सोडणाऱ्या. भारतीय मानक १४६२५ च्या २०१५ सालच्या आवृत्तीनं दूध पाजायच्या बाटल्यांसाठी ते प्लास्टिक बंद केलं. आतेबहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, अगं, माझा पोरगा नववीत आहे, धडधाकट आहे. ते खरंच आहे. तरी मी ती बाटली कोथिंबिरीच्या रोपाला पाणी घालायला ठेवली आहे.

उरलेलं सगळं पातेल्यात घालून, गार पाण्यापासून तापवत, पाच मिनिटं उकळलं. जोशात चिंध्या उडवाव्यात तशी उडी मारून एक कप तळाला चिकटला आणि वाकडा झाला, तो वेगळा खर्च. मग पांढऱ्या धुवट पंचावर सगळे भाग मांडले, वरून जाळी. झडपा उताण्या, कप पालथे, बाटली तिरपी. इथला मार्च महिना. दुपारपर्यंत थेंब उरला नव्हता, तरी मी संध्याकाळपर्यंत हात लावला नाही. रोज वापरायच्या वस्तूला कोरडं व्हायला वेळ मिळत नाही म्हणून भीती असते, पण ठेवून दिलेल्या वस्तूतली ओल वाढतच राहते, महिनोन्‌महिने, कुणी बघत नसताना. आता सुकलेले भाग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आहेत, तळाशी कोरडं कापड. आठवडाभर वापरला नाही तर काढताना परत धुवायचा. मधी काय झालं ते कुणाला ठावं.

आजी ते सगळं बघत होती. संध्याकाळी तिनं पंचावरची बाटली उचलली, एका डोळ्यानं आत पाहिलं, करंगळी घालून पाहिली. रुंद तोंडाची बाटली, तरी तळाला करंगळी पोचत नाही. मग शेजारचा ब्रश उचलला, लांब दांड्याचा, निळ्या केसांचा, आणि बाटलीत घालून हळूहळू फिरवला. कोरडाच. बराच वेळ.

"हे कुठं मिळतं?"

"वसमतला. मेडिकलमध्ये."

"केवढ्याला?"

"साठ रुपये असेल."

तिनं ब्रश बाहेर काढला, त्याचे केस बोटांनी सरळ केले आणि पंचावर होता तसाच ठेवला.

"तव्हा नव्हता मिळत," ती म्हणाली, आणि लेक उठली म्हणून आत गेली.